आधी घरी फोन

पहिल्यांदा मी गाडी घेऊन त्या बंद सूतगिरणीच्या गेटवर पोचलो, तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता, की आज सुसाट जायचं. खिडकीशी एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, गळ्यात शिट्टी. हे आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत राहणारे थूलसाहेब. तोवर आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. त्यांनी माझे टायर पाहिले नाहीत की लायसन्स मागितलं नाही.

"रात्री झोप झाली?"

"झाली."

"नाश्ता?"

"पोहे खाल्ले."

"घरी भांडण?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी 'नाही' म्हणालो, पण ते म्हणायला मला जरा उशीर झाला. त्यांनी शांतपणे हात पुढे केला. "वहिनीले फोन लावा."

मी गंमत समजून फोन लावून दिला. थूलसाहेबांनी अगदी सरकारी आवाजात सुरुवात केली, "नमस्कार वहिनी. थूल बोलून राह्यलो, मागच्या गल्लीतला. तुमचे साहेब टरॅकवर आले हायेत. निघताना घरी काही वाजलं काय?"

वाजलं होतं. त्या सकाळी मी गाडीची काच पुसायला स्वयंपाकघरातला नवा कोरा नॅपकिन घेतला होता. पलीकडून वैशालीने तो सगळा इतिहास सांगितला आणि थूलसाहेब मान डोलावत ऐकत राहिले. "हो... बरोबर हाये तुमचं... नवाच होता काय? मंग तं राग येईनच." माझ्या मागे चार गाड्या थांबल्या होत्या. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माफी मागा. मनातून मागजा, आवाजावरून समजते. अन् गाडी बाजूले घ्या, मागच्याले येऊ द्या."

गेटवर, चार गाड्यांच्या साक्षीने, मी एका नॅपकिनबद्दल माफी मागितली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकी संपूर्ण माफी मी आधी कधी मागितली नव्हती. वैशाली नंतर म्हणाली, या गृहस्थांकडे दर महिन्याला जात जा.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगतो. केळझरच्या अलीकडे एक सूतगिरणी बरीच वर्षं बंद पडून आहे. आत गोदामांना वळसा घालून जाणारा ट्रकांसाठी बांधलेला सिमेंटचा रस्ता आहे, सांध्यांत गवत उगवलेलं, पण अजून भक्कम. मालकाच्या परवानगीने महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जण आपापल्या घरच्या गाड्या तिथे नेतो आणि हेल्मेट घालून गोल फिरतो. सगळे एकाच दिशेने. समोरून कोणी येत नाही, त्यामुळे गाडी वळणावर कुठवर साथ देते आणि आपली कुठे घाबरगुंडी उडते, हे कोणाचा जीव न घेता कळतं. मोठ्या शहरांत लोक यासाठी खास ट्रॅकवर जातात. आमच्याकडे गोदामाचं वळण, बाभळीचं वळण आणि वजनकाट्याचं वळण अशी तीन वळणं आहेत, आणि थूलसाहेब आहेत.

थूलसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात कालव्याचे दरवाजे किती उघडायचे आणि कधी लावायचे हे ठरवण्यात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोकाट सुटलेली त्यांना बघवत नाही. गाड्या सुरू होण्याआधी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर पायी एक फेरी मारायची. ते खाली बघत चालतात आणि खिळे, खडे, बाटलीची बुचं खिशात टाकतात. एकदा ते मध्येच उकिडवे बसले आणि बकरीच्या लेंडीकडे बराच वेळ पाहत राहिले. "ताजी हाये," ते म्हणाले, "बकऱ्या आतच हायेत." मग एक दंतवैद्य, एक वकील आणि औषधाचा दुकानदार म्हणजे मी, अशी आमची वरात गोदामांमागे बकऱ्या शोधत हिंडली. निघाल्या हो, तीन बकऱ्या निघाल्या. सगळ्यात मोठी वकिलांकडे बघून अशी खाकरली की वकील आपसूक बाजूला झाले.

त्यानंतर गाडी रिकामी करायची. माझ्या सीटखालून छत्री, जेवणाचा डबा आणि वास्तुशांतीचा एक नारळ निघाला. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी, आदराने उचलून माझ्याकडे दिला. "वळणावर हा ब्रेकखाली आला असता, मंग आमालेच दुसरा आणून वाढवा लागला असता." मोबाइल, घड्याळं वगैरे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमा. कोणी कितीत फेरी मारली हे मोजायचं नाही. "इथं पह्यला कोणी येत नाई," ते बजावतात, "सगळे परत येतात, तेवढं बस झालं."

पण त्यांचा खरा जीव अडकलेला आहे तो वाट देण्यात. मागची गाडी जवळ आली की पुढच्याने सरळ रस्त्यावर खिडकीतून हात काढून 'जा' म्हणून दाखवायचं आणि पाय सैल सोडायचा. हात दिसल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नाही, आणि पुढच्याने हात दाखवायला कंजुषी करायची नाही. "मागून येणारा पाहुणा असते. पाहुण्याले दारात उभं ठेवाचं नसते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दुकानात गिऱ्हाईक आलं तरी माझा हात आपोआप वर जातो.

आमचे दंतवैद्य, डॉक्टर ढोले, यांनी नवी दांडगी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच फेरीत ते वकिलांच्या म्हाताऱ्या गाडीच्या इतके मागे लागले की वकिलांना हात काढायचीही भीती वाटली. शिट्टी वाजली. थूलसाहेब डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसले आणि उरलेली पूर्ण सकाळ त्यांनी डॉक्टरांना त्याच म्हाताऱ्या गाडीच्या मागे, चांगलं अंतर ठेवून चालवायला लावलं. डॉक्टर तापले. "साहेब, माझी गाडी त्याच्या तिप्पट पळते!"

"गाडी पळते, डॉक्टरसाहेब. तुमी काऊन पळून राह्यले? पेशंटचा दात दुखून राह्यला काय?"

दुपारपर्यंत डॉक्टरांना कळलं की वकील वळणावर आपल्यापेक्षा सफाईने जातात. ते त्यांनी स्वतःहून, सगळ्यांसमोर कबूल केलं. थूलसाहेबांनी त्यांना केळझरच्या टपरीवर भजी खाऊ घातली आणि नंतर वर्षभर त्यांचं उदाहरण दिलं. त्यामुळे डॉक्टर पुन्हा एकदा तापले, पण गेटबाहेर.

ट्रॅकबाहेरही या माणसाचा हात काही आत जात नाही. बँकेत रांग असली की मागच्याला 'या पुढे' म्हणणार. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नाला आम्ही त्यांच्या गाडीतून नागपूरला निघालो होतो. वर्ध्यापासून बुटीबोरीपर्यंत त्यांनी ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि एका डीजेच्या गाडीलासुद्धा इतक्या अगत्याने वाट दिली, की आम्ही पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती आणि पंगतीत फक्त मठ्ठा उरला होता. वैशालीने मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. थूलसाहेब मात्र खूश. "पोचलो ना? मंग?"

त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते. घर लख्ख, झाडांना पाणी वेळेवर, दारात गाडी बाहेर तोंड करून उभी. मला वाटायचं, असा शिस्तीचा माणूस एकटा राहिला तरी त्याचं काही अडत नसेल.

हा गैरसमज वैशालीने दूर केला. एका शनिवारी ती फोनवर कोणाला तरी वांग्याची भाजी समजावून सांगत होती. तेल किती, शेंगदाण्याचं कूट कधी, वाफ कशी आणायची. तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण? म्हणाली, थूलसाहेब.

"पण उद्या कुठे ट्रॅक आहे? मग भांडणाचं विचारायला फोन कशाला?"

"भांडणाचं विचारतात एक मिनिट," ती म्हणाली. "मग आज काय भाजी केली, दूध नासलं की काय करायचं, मुलाची परीक्षा कशी झाली. ढोले वहिनींनाही फोन करतात, वकीलबाईंनाही. तुम्ही सगळे शहाणे त्यांना तपासणी अधिकारी समजता. अहो, त्या माणसाला आठवडाभर बोलायला कोणी नसतं."

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, की हे मला दुकानात बसून का दिसलं नाही.

मग पल्लवी उईके आली. ही वनखात्यात नोकरीला, गस्तीची जीप चालवणारी, बोलायला सरळ. तिचा पहिलाच रविवार होता. गेटवर थूलसाहेबांनी तिला झोप, नाश्ता, भांडण असं सगळं विचारलं. तिने नीट उत्तरं दिली, आईशी बोलणं करून दिलं, आणि मग अगदी साध्या मनाने म्हणाली, "साहेब, हे सगळ्याइले विचारता तुमी. तुमाले कोन विचारते?"

आम्ही सगळे हसलो. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलंच नव्हतं.

"विचार ना," थूलसाहेब म्हणाले.

"झोप झाली?"

"झाली."

"नाश्ता?"

"पोळी अन् दूध."

"कोनाशी भांडन?"

थूलसाहेबांनी खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि बिस्किटाच्या डब्यात, आमच्या मोबाइलांवर टाकली. "हाये," ते म्हणाले, "जुनं हाये." त्या दिवशी ते गाडीत बसले नाहीत. झेंडा घेऊन वजनकाट्याच्या वळणावर उभे राहिले.

पुढच्या महिन्यातही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. पल्लवीला अगदी अपराधी वाटायला लागलं. आम्ही त्यांची परोपरीने समजूत घातली. नियम घरच्या भांडणाचा आहे, जुनी भांडणं मोजायची ठरलं तर वर्धा जिल्ह्यात कोणीच गाडी चालवू शकणार नाही, असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "नियम मायाच हाये. मलेच लागू नाई, मंग तुमाले कोन्या तोंडानं सांगू?" मला भीती वाटायला लागली ती वेगळीच. महिन्यातला हा एक दिवस म्हणजे त्यांचं सगळं गणगोत होतं, आणि ते स्वतःला त्यातून हळूहळू बाहेर काढत होते. चौथ्या वेळी तर त्यांनी शिट्टीसुद्धा डॉक्टरांच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, आता तुमी पाहा.

भांडण कोणाशी, हे मला वकिलांनी सांगितलं, कारण ते सुरुवातीपासून तिथे होते. हा रविवार एकट्या थूलसाहेबांनी सुरू केलेला नव्हता. त्यांच्याबरोबर देवळीचे नानाजी भोयर होते. नानाजींचं खता-बियाण्यांचं दुकान. दोघं शाळेपासूनचे मित्र, रोज संध्याकाळी एकत्र चहा, एकमेकांशिवाय पान हलत नसे. त्या वेळी हात दाखवायचा नियम नव्हता, मागची गाडी दिसली की बाजूला व्हायचं, एवढंच. एका रविवारी नानाजी मागून जोरात आले. थूलसाहेब बाजूला झाले नाहीत. नानाजींनी वजनकाट्याच्या वळणावर बाहेरून काढायचा प्रयत्न केला आणि गाडीसकट बाभळीच्या कुंपणात गेले. लागलं काही नाही, काटे तेवढे रुतले. पण बाहेर येऊन नानाजी म्हणाले, "तू मले पाह्यलं होतं." थूलसाहेब म्हणाले, "नाई पाह्यलं." एवढ्यावरून शब्दाने शब्द वाढला. नानाजी परत आले नाहीत. हात दाखवायचा नियम, गेटवरचे प्रश्न, हे सगळं त्याच्यानंतरचं.

मी थूलसाहेबांकडे गेलो आणि सरळ म्हणालो, "चला देवळीला."

"थो फोन उचलत नाई."

"म्हणूनच म्हणतो, जाऊ."

ते बराच वेळ तुळशीच्या कुंडीतलं गवत उपटत बसले. मग म्हणाले, "गाडी तुमी चालवा. माया हात आज बरोबर नाई."

वर्धा ते देवळी काही लांब नाही. पण थूलसाहेबांनी त्या रस्त्यात माझ्यासमोर तीन वेगवेगळी भाषणं म्हणून पाहिली. पहिल्यात हवापाण्याची चौकशी होती. दुसऱ्यात 'झालं गेलं विसरून जाऊ' होतं. तिसरं पाटबंधारे खात्याच्या खुलाशासारखं होतं, उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे. मी म्हणालो, पहिलं बरं आहे. माझ्या मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा थूलसाहेबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

नानाजी दुकानाला लागून असलेल्या घराच्या अंगणात बसले होते. बुटके, गोरे, पोट सुटलेले. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"काऊन आला?"

थूलसाहेब उभेच राहिले. तिन्ही भाषणं कुठल्या कुठे गेली. मग ते म्हणाले, "नाना, मी तुले पाह्यलं होतं."

नानाजींनी मान वर केली.

"आरशात पुरता दिसला होता तू. पोट्टे उभे होते पाहाले, तू मायाहून जोरात येऊन राह्यला होता. मनात म्हनलं, आज नाई जाऊ देत याले. अन् तू काट्यात गेला तवा मायं काळीज हाललं. मंग मी खोटं बोललो. तेवढंच सांगाले आलो."

आतून कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता नानाजी आम्हाला घालवून देणार, आणि त्यांनी तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"मले मालूम होतं," नानाजी म्हणाले. "काट्याचा राग नाई आला मले. आपल्या गाड्या हायेत, आपण दोघंबी येडे. तू खोटं बोलला, त्याचा आला. मायाशी!"

"लाज वाटे."

"अन् एवढी वर्षं फोन करून नुसता कसा हायेस, कसा हायेस. मी कायले उचलू थो?"

"बरोबर हाये तुयं."

नानाजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. इस्त्री, बूट, वाळलेले गाल. आवाज एकदम उतरला. "सुकला रे तू, प्रभाकर. संध्याकाळचा चहा कोणासंग पेते आता?"

"कोणासंग नाई," थूलसाहेब म्हणाले. "ठेवतो गॅसवर. कधी पेतो, कधी फेकून देतो."

इतका सरळ बोललेला माणूस मी कमी पाहिला आहे, आणि मला एकाएकी डोळे पुसावेसे वाटले. नानाजी खुर्चीचे हात धरून मोठ्या कष्टाने उठले. गुडघे दुखत असावेत. त्यांनी थूलसाहेबांच्या दंडाला धरून त्यांना त्याच खुर्चीत दाबून बसवलं आणि आत बघून ओरडले, "अवं, परभाकर आला! चहा टाक, अन् जेवूनच जाईन थो, पोळ्या जास्तीच्या कर!" मग स्वतःसाठी ओट्यावरून एक स्टूल ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असे समोर बसले.

आत चहा उकळत होता. थूलसाहेबांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. नानाजी त्यांच्या पँटवर चिकटलेलं तुळशीच्या कुंडीतलं गवत एकेक काडी करून काढत होते.